अप्रीती आणि नापसंती

इंग्रजी भाषेत 'डिसअफेक्शन' आणि 'डिसॲप्रोबेशन' असे दोन शब्द आहेत. दोघांच्या तोंडाशी एकच 'डिस' बसलेला, दोघेही मूळचे लॅटिनच्या घरचे, आणि खिशातला लहान कोश काढून पाहिले तर दोघांचाही अर्थ थोड्याफार फरकाने 'नाराजी' असाच सापडावा. परंतु या दोन नाराजींमधले अंतर किती, हे मोजण्यात आपल्या देशातल्या मोठमोठ्या न्यायाधीशांची दीडशे वर्षे खर्ची पडली आहेत. आणि ज्याचे लेखन या अंतराच्या अलीकडे न ठरता पलीकडे ठरले, त्याला तुरुंगाची वाट धरावी लागली आहे. लोकमान्य टिळकांना १८९७ साली झालेली अठरा महिन्यांची सक्तमजुरी आणि १९०८ साली झालेली सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा आपण इतिहासाच्या पुस्तकात वाचतो. त्या शिक्षांच्या मुळाशी या दोन शब्दांचा वाद होता, ही गोष्ट मात्र पुस्तकात सहसा येत नाही.

आपल्याकडे पहिल्या शब्दाला 'अप्रीती' आणि दुसऱ्याला 'नापसंती' असे प्रतिशब्द रूढ झाले. भाषांतर वाईट नाही. 'अफेक्शन' म्हणजे मनावर उमटलेला परिणाम, जिव्हाळा, माया. तो हृदयाचा व्यवहार. 'ॲप्रोबेशन' या शब्दाच्या पोटात मात्र पारखणे, कसाला लावणे ही क्रिया आहे. नवशिक्या नोकराला 'प्रोबेशन'वर ठेवतात तो शब्द त्याच धातूचा. तेव्हा 'डिसॲप्रोबेशन' म्हणजे पारखून पाहिले आणि पटले नाही. हा बुद्धीचा व्यवहार. आई पोराच्या खोडीवर कडाडते तेव्हा तिची नापसंती साऱ्या आळीला ऐकू जाते, पण तिच्यापाशी अप्रीती औषधालाही नसते. उलट, एखादा सावकार दारी आलेल्या कुळाला गोड बोलून बसवतो, त्याच्या कुठल्याच वागण्यावर बोट ठेवत नाही, आणि मनात मात्र त्याच्याविषयी कणभर माया नसते. दोन शब्दांतला भेद घरगुती भाषेत सांगायचा तर एवढाच आहे. अडचण आली ती हा घरगुती भेद सरकार आणि प्रजा यांच्या नात्याला लावताना.

हे दोन्ही शब्द आपल्या कायद्यात एकाच दिवशी आले. मेकॉलेसाहेबांनी १८३७ साली दंडविधानाचा जो मसुदा केला त्यात राजद्रोहाचे कलम होते. पण १८६० साली दंडविधान मंजूर झाले तेव्हा ते कलम त्यात नव्हते. दहा वर्षांनी, १८७० साली, त्या वेळचे कायदेमंत्री जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांनी ते १२४-अ म्हणून घातले. जो कोणी बोलून, लिहून, खुणांनी वा चित्रांनी सरकारविषयी अप्रीतीची भावना चेतवील किंवा चेतवण्याचा प्रयत्न करील, त्याला जन्मठेप काळ्या पाण्यापर्यंत शिक्षा, असा त्याचा आशय होता. त्याला खाली एक स्पष्टीकरण जोडले होते. सरकारच्या उपायांविषयी नापसंती असली, पण त्या नापसंतीबरोबरच सरकारचा कायदेशीर अधिकार मानण्याची आणि तो उलथू पाहणाऱ्यांविरुद्ध सरकारला साह्य करण्याची मनाची तयारी कायम असली, तर ती नापसंती म्हणजे अप्रीती नव्हे, असे ते स्पष्टीकरण सांगत होते. म्हणजे मुख्य कलमात अप्रीतीला कुलूप घातले आणि स्पष्टीकरणात नापसंतीसाठी एक दिंडी उघडी ठेवली. त्या दिंडीतून किती वाकून जायचे, हे मात्र न्यायाधीशांवर सोडले.

वीस वर्षे हे कलम तसेच पडून राहिले. पहिला गाजलेला खटला १८९१ साली कलकत्त्यास झाला. संमतिवयाचे बिल त्या वर्षी मंजूर झाले होते. मुलीच्या संमतीचे वय दहाचे बारा करण्याच्या त्या कायद्यावर 'बंगवासी' या पत्राने टीकेची झोड उठवली. ती टीका आज वाचली तर आपण कायद्याच्याच बाजूने उभे राहू, पत्राच्या बाजूने नव्हे. पण प्रश्न टीका बरोबर की चूक हा नव्हता. ती टीका अप्रीती की नापसंती हा होता. सर कोमर पेथरम हे मुख्य न्यायाधीश होते. त्यांनी ज्यूरीला सांगितले की, अप्रीती म्हणजे प्रीतीच्या विरुद्ध असलेली भावना, तिटकारा किंवा द्वेष. आणि नापसंती म्हणजे केवळ न पटणे. एखाद्या माणसाची मते वा कृत्ये पटत नसताही तो माणूस आपल्याला आवडू शकतो, असे उदाहरणही त्यांनी दिले. ज्यूरीचे एकमत झाले नाही. पुढे पत्राच्या चालकांनी दिलगिरी व्यक्त केली आणि खटला तसाच मिटला. पण पेथरमसाहेबांचा 'प्रीतीच्या विरुद्ध' हा शब्दप्रयोग वाचकांनी ध्यानात ठेवावा, कारण सहा वर्षांनी मुंबईला तो थोडासा बदलून अवतरला आणि त्या थोड्याशा बदलाने मोठा अनर्थ केला.

१८९७ साल हे पुण्याच्या कपाळी काळ्या अक्षरांनी लिहिलेले साल. प्लेग आला, प्लेगमागून रँडसाहेबांचे तपासणीचे सोजीर आले, घरात शिरून माणसे बाहेर काढण्यात आली. जूनच्या मध्याला पुण्यात शिवराज्याभिषेकाचा उत्सव झाला. त्यात अफझलखानाच्या वधाविषयी जी व्याख्याने झाली त्यांची हकीकत, आणि 'शिवाजीचे उद्गार' ही कविता, १५ जूनच्या 'केसरी'त प्रसिद्ध झाली. २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँड आणि आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. २७ जुलैला टिळकांना मुंबईत पकडण्यात आले. खुनाचा आरोप त्यांच्यावर नव्हता. आरोप होता अप्रीती चेतवल्याचा.

सप्टेंबरच्या ८ तारखेला न्यायमूर्ती स्ट्रेची यांच्यापुढे खटला सुरू झाला. ज्यूरीत सहा युरोपीय आणि तीन हिंदी असे नऊ जण होते. लेख मराठी, निकाल देणाऱ्यांतल्या बहुसंख्यांपुढे मात्र त्याचे इंग्रजी भाषांतर. त्या भाषांतराला इंग्रजी कायद्यातला एक शब्द लावून पाहायचा आणि सांगायचे की पुण्याच्या वाचकाच्या मनात कोणती भावना उठली असेल! स्ट्रेचीसाहेबांनी ज्यूरीला जे विवेचन ऐकवले ते पुढे पन्नास वर्षे या कलमाचे भाष्य होऊन बसले. अप्रीती म्हणजे द्वेष, वैर, नावड, शत्रुत्व, तुच्छता आणि सरकारविषयीची प्रत्येक प्रकारची दुर्बुद्धी, असे त्यांनी सांगितले. ती भावना किती तीव्र आहे याला महत्त्व नाही, तिच्यामुळे प्रत्यक्ष दंगा झाला की नाही यालाही महत्त्व नाही, असेही सांगितले. आणि पेथरमसाहेबांशी आपण सहमत आहोत असे म्हणत अप्रीती म्हणजे 'प्रीतीचा अभाव' असे शब्द त्यांनी उच्चारले.

पेथरम म्हणाले होते 'प्रीतीच्या विरुद्ध'. स्ट्रेची म्हणाले 'प्रीतीचा अभाव'. कागदावर एका शब्दाचा फरक. पण माझ्या गावचा जो शेतकरी त्या काळी मुकाट्याने शेतसारा भरत होता, ज्याला गोऱ्या साहेबाचा द्वेष करायलाही सवड नव्हती आणि त्याच्यावर प्रेम करायलाही काही कारण नव्हते, तो कोणत्या बाजूला पडला? पेथरमच्या व्याख्येत तो निर्दोष. स्ट्रेचींचे शब्द जसेच्या तसे घेतले तर त्याच्या मनात अप्रीती नांदते आहे. विरोध हा गुन्हा ठरवणे कोणत्याही राज्याला सुचेल. उदासीनता हाही गुन्हा ठरवायचा म्हणजे प्रेम हे सक्तीचे करणे होय. सारा, पट्टी, जकात यांच्या जोडीला प्रजेने सरकारदरबारी मायाही भरली पाहिजे, असा त्याचा अर्थ होतो.

नापसंतीची दिंडी स्ट्रेचीसाहेबांनी बंद केली नाही, हेही सांगितले पाहिजे. आयकराचा कायदा, साथीच्या रोगांचा कायदा, एखादी लष्करी मोहीम, प्लेग वा दुष्काळ यांचा बंदोबस्त, यांवर हवी तितकी कडक टीका करावी, असे त्यांनी मोकळेपणाने सांगितले. मात्र उपायावरून टीका सरकारवर घसरली की ती दिंडीच्या बाहेर गेली. हा नियम ऐकायला सरळ आहे; पण पुण्यात त्या साली घरात शिरलेला सोजीर हा सरकारचा 'उपाय' होता की 'सरकार' होते? ज्याच्या देवघरात बूट वाजले त्याला हा पदच्छेद कसा करता यावा?

१४ सप्टेंबरला सहा विरुद्ध तीन अशा मताने ज्यूरीने टिळकांना दोषी ठरवले. ही विभागणी कोणत्या रेषेवरून झाली ते वेगळे सांगायला नको. पुढे प्रिव्ही कौन्सिलपुढे अपिलाची परवानगी मागण्यासाठी टिळकांच्या वतीने अॅस्क्विथ उभे राहिले. परवानगी मिळाली नाही. हेच अॅस्क्विथ १९०८ साली, टिळकांना दुसऱ्यांदा शिक्षा झाली तेव्हा, इंग्लंडचे मुख्य प्रधान होते.

आता थोडे व्याकरणाकडे वळतो. मी शाळामास्तर आहे, आणि इंग्रजीच्या तासाला उपसर्ग शिकवण्याची पाळी माझ्यावर दरसाल येते. 'डिस' म्हणजे 'नाही' असे फळ्यावर लिहून मास्तर मोकळा होऊ शकतो. पण मग 'डिसलाइक' म्हणजे केवळ न आवडणे नव्हे, नावड होय, हे त्याला सांगता येत नाही. 'डिसओबे' म्हणजे आज्ञा न ऐकू येणे नव्हे, ती मोडणे होय. 'डिसऑनर' म्हणजे मान न देणे इतकेच नव्हे, अपमान होय. याच्या उलट 'डिसइंटरेस्टेड' या शब्दात मात्र खरोखरीच अभाव आहे. ज्याचा स्वार्थ गुंतलेला नाही तो. म्हणजे एकच उपसर्ग कुठे अभाव दाखवतो, कुठे विरोध. नुसत्या उपसर्गावरून निवाडा होत नाही, भाषेतला वापर पाहावा लागतो.

ही गोष्ट आपल्या शास्त्र्यांना नवी नव्हती. 'न'काराचे म्हणजे नञ्‌चे सहा अर्थ संस्कृत वैयाकरणांनी कधीच सांगून ठेवले आहेत : सादृश्य, अभाव, अन्यत्व, अल्पत्व, अप्रशस्तता आणि विरोध. 'अपाप' म्हणजे ज्याच्या ठायी पाप नाही तो, तेथे अभाव. 'अकाल' म्हणजे काळाचा अभाव नव्हे, अयोग्य काळ. 'अधर्म' म्हणजे धर्माच्या उलट चालणे, तेथे विरोध. आणि 'अमित्र' म्हणजे ज्याच्याशी ओळख नाही असा वाटसरू नव्हे, तर शत्रू. पुण्याच्या कुठल्याही पाठशाळेतल्या विद्यार्थ्याला कोर्टात उभे करून विचारले असते की 'अप्रीती'तला 'अ' कोणत्या अर्थाचा, तर त्याने निदान प्रश्नाला सहा उत्तरे आहेत एवढे तरी सांगितले असते. अठरा महिन्यांची शिक्षा त्या एका 'अ'च्या अर्थावर अवलंबून होती असे मी म्हणत नाही. स्ट्रेचीसाहेबांनी द्वेष, वैर वगैरे शब्दही वापरले होते, आणि 'अभाव' हा शब्द त्यांच्या संदर्भातच वाचावा असे हायकोर्टाने पुढे टिळकांचा अर्ज फेटाळताना सांगितले. पण जो शब्द संदर्भातच वाचावा लागतो, तो निवाड्याआधी ज्यूरीच्या कानात न पडता तर बरे झाले असते.

आणि या शब्दाचा नेमका अर्थ सांगणारा माणूस त्याच हायकोर्टात न्यायासनावर बसलेला होता. त्याच साली सातारा जिल्ह्यातल्या इस्लामपूरच्या 'प्रतोद' पत्रावरही १२४-अ खाली खटला झाला होता. साताऱ्याच्या सेशन कोर्टाने संपादकाला जन्मठेप ठोठावली. हायकोर्टात हे अपील तीन न्यायाधीशांपुढे आले : मुख्य न्यायाधीश फॅरन, न्यायमूर्ती पार्सन्स, आणि तिसरे महादेव गोविंद रानडे. रानड्यांनी आपले मत स्वतंत्रपणे लिहिले. अप्रीती ही राजकीय स्वरूपाची, अस्तिपक्षी विकृती आहे. नुसता प्रेमाचा वा सदिच्छेचा अभाव म्हणजे अप्रीती नव्हे, असे त्यांनी म्हटले. सत्तेला धिक्कारून उघड अवज्ञा करणे, किंवा उघड नसेल तर आतून लोकांची मने फोडून राजनिष्ठेचे बंध सैल करणे, हे तिचे लक्षण त्यांनी सांगितले. स्ट्रेची यांचे विवेचन आणि रानडे यांचे मत ही दोन्ही कायद्याच्या अहवालांच्या मुंबई मालेतल्या २२व्या खंडात काही पानांच्या अंतराने छापलेली आहेत.

मला या पानांचे नेहमी कौतुक वाटते. रानडे आणि टिळक यांचा वाद साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक. दोनच वर्षांपूर्वी, १८९५ साली, सामाजिक परिषदेच्या मांडवावरून पुण्यात या दोन पक्षांची जुंपली होती. आणि सरकारच्या संशयाचा चटका रानड्यांनाही बसलेला होता. वासुदेव बळवंतांच्या बंडाच्या वर्षी, १८७९ साली, त्यांना नाशिकहून धुळ्याला हलवण्यात आले ते याच संशयापोटी. सरकारचे मीठ खाणारा, सरकारच्याच खुर्चीत बसलेला, राजनिष्ठ म्हणून प्रसिद्ध असलेला हा गृहस्थ; पण सरकारवर प्रेम नसणे हा गुन्हा नव्हे, एवढे वाक्य त्याने लिहून ठेवले. त्या वाक्याने 'प्रतोद'चे संपादक सुटले नाहीत. तिन्ही न्यायाधीशांनी दोष कायम ठेवला, शिक्षा मात्र बरीच कमी केली. तरी मला वाटते, त्या साली या देशात लिहिल्या गेलेल्या वाक्यांत ते एक मोलाचे वाक्य होते. १९०१ साली रानडे वारले तेव्हा टिळकांनी 'केसरी'त जो मृत्युलेख लिहिला, त्यात नापसंती आणि अप्रीती यांतला भेद आयुष्यभराच्या प्रतिपक्षाने किती उदारपणे पाळावा याचा वस्तुपाठच आहे.

सरकारने यातून वेगळाच धडा घेतला. १८९८ साली कलम बदलण्यात आले. अप्रीतीच्या जोडीला 'द्वेष' आणि 'तुच्छता' हे शब्द आले. अप्रीतीत राजनिष्ठेचा अभाव आणि वैराच्या सर्व भावना मोडतात, असे स्पष्टीकरण आले. नापसंतीसाठी एकाऐवजी दोन स्पष्टीकरणे झाली. एक सरकारच्या उपायांविषयी, दुसरे कारभाराविषयी. मोजायला दिंड्या दोन झाल्या. पण १८७० च्या मजकुरातले खरे संरक्षण, म्हणजे टीका करणाऱ्याच्या मनात कायदा मानण्याची तयारी आहे ना ही कसोटी, ती गेली. आता नापसंती अशी दाखवायची की ऐकणाऱ्याच्या मनात द्वेष, तुच्छता किंवा अप्रीती उठता कामा नये. घर जळाले असे सांगायचे, पण ऐकणाऱ्याला धग लागता कामा नये!

हा चाप वर्तमानपत्रांपुरताच नव्हता. नाटकांच्या प्रयोगांवर बंदी घालण्याचा १८७६ चा जो कायदा होता त्यातही अप्रीती हा शब्द होताच. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे 'कीचकवध' १९०७ साली रंगभूमीवर आले. कीचक, द्रौपदी, भीम, युधिष्ठिर अशी महाभारतातली सारी पात्रे. सरकारचे नावही कुठे नाही. पण प्रेक्षकांनी कीचकाच्या जागी कर्झनसाहेब पाहिला आणि द्रौपदीच्या जागी हा देश पाहिला. १९१० साली नाटकावर बंदी आली. कादंबऱ्या लिहिणाऱ्या माझ्यासारख्याला या बंदीत एक गमतीची गोष्ट दिसते. नापसंतीला स्पष्ट बोलावे लागते. काय पटले नाही आणि का, हे सांगितल्याशिवाय ती नापसंतीच होत नाही. अप्रीतीला मात्र कथा, कीर्तन, रूपक काहीही चालते. म्हणजे कायद्याने लोकांना उघड बोलायची भीती घातली, आणि लोक आडून बोलायला शिकले. ज्या अप्रीतीला सरकार भीत होते तिची जोपासना सरकारच्याच कायद्याने केली.

१९०८ सालच्या खटल्यात हाच पेच आणखी कसाला लागला. मुझफ्फरपूरला ३० एप्रिलला बॉम्ब पडला. सरकारने ८ जूनला स्फोटक द्रव्यांचा आणि वर्तमानपत्रांचा असे दोन कायदे एका दिवसात मंजूर केले, आणि ९ जूनच्या 'केसरी'त अग्रलेख आला, 'हे उपाय टिकाऊ नाहीत'. या मथळ्याकडे जरा बारकाईने पाहावे. 'उपाय' म्हणजे कायद्यातले 'मेझर्स', आणि 'टिकाऊ नाहीत' म्हणजे पारखून पाहिले व पटले नाही. सरकारच्या उपायांविषयी नापसंती कशी असते याचे उदाहरण कलमाखाली छापायचे झाले, तर याहून चपखल चार शब्द सापडणार नाहीत. आरोपाला आधार म्हणून घेतलेल्या लेखांत हाही लेख होता.

टिळकांनी स्वतःची बाजू स्वतः मांडली आणि ज्यूरीपुढे एकवीस तास दहा मिनिटे भाषण केले. आपला लेख हा वादातल्या प्रतिपक्षाला दिलेले उत्तर आहे, सरकारला दिलेला इशारा आहे, हे त्यांनी परोपरीने सांगितले. पण या भाषणाचा बराच भाग खर्ची पडला तो भाषांतराच्या चुका दाखवण्यात. मराठी भाषा नव्या राजकीय कल्पनांसाठी नवे शब्द घडवते आहे, जुन्या शब्दांना नवे अर्थ देते आहे, आणि जुन्या कोशातला अर्थ घेऊन आजचा लेख तोलता येत नाही, असा त्यांचा मुद्दा होता. आपल्या भाषेची ही वकिली मराठीच्या इतिहासात सोन्याच्या अक्षरांनी लिहिण्यासारखी आहे, आणि ती झाली आरोपीच्या पिंजऱ्यातून, इंग्रजीत. ज्यूरीत सात युरोपीय, दोन पारशी. २२ जुलैच्या रात्री सात विरुद्ध दोन असा निकाल आला. शिक्षा सांगणारे न्यायमूर्ती दावर हे १८९७ साली टिळकांच्या जामिनासाठी उभे राहिलेले वकील होते. 'प्रीती'चे असे विचित्र फेरे या प्रकरणात पदोपदी दिसतात.

तिसऱ्या खेपेला मात्र पारडे फिरले. मंडालेहून सुटून आल्यावर १९१६ साली टिळकांनी बेळगावला आणि अहमदनगरला स्वराज्यावर मराठीत व्याख्याने दिली. त्यांवरून त्यांच्याकडून वीस हजारांचा जातमुचलका आणि दहा-दहा हजारांचे दोन जामीन मागण्यात आले. नोटीस हाती पडली ती त्यांच्या साठीच्या वाढदिवशी. हायकोर्टात बॅरिस्टर जिना उभे राहिले. ९ नोव्हेंबरला न्यायमूर्ती बॅचलर आणि शहा यांनी तो हुकूम रद्द केला. बॅचलरसाहेबांनी व्याख्याने अखेरपर्यंत, एकसंध वाचली. सुटे वाक्य उचलून तोलले नाही. आणि स्ट्रेचींच्या त्या 'अभावा'विषयी त्यांनी आदराने पण स्पष्ट म्हटले की, 'डिस' लागलेल्या शब्दांच्या रूढ इंग्रजी वापराला ते धरून नाही. त्यांनीही 'डिसलाइक' हाच शब्द उदाहरणाला घेतला. रानड्यांनी न्यायबुद्धीने जे सांगितले होते, ते एकोणीस वर्षांनी एका इंग्रजाने इंग्रजी व्याकरणाने सिद्ध केले.

तरी या वादाला खरे उत्तर व्याकरणाने दिले नाही. ते दिले १८ मार्च १९२२ रोजी अहमदाबादेस गांधीजींनी. न्यायाधीश ब्रूमफील्ड यांच्यापुढे त्यांनी आरोप कबूल केला. प्रीती ही कायद्याने निर्माण करता येत नाही आणि कायद्याने तिचे नियमनही करता येत नाही; ज्याच्याविषयी प्रीती नाही त्याच्याविषयीची अप्रीती, हिंसेला चिथावणी न देता, बोलून दाखवण्याची माणसाला पूर्ण मोकळीक असली पाहिजे, असे त्यांनी सांगितले. टिळक कोर्टात म्हणत होते : माझे लेखन नापसंती आहे, अप्रीती नाही. गांधीजी म्हणाले : अप्रीतीच आहे, आणि ती मी लपवीत नाही. दोघांनाही सहाच वर्षे मिळाली. ब्रूमफील्ड यांनी टिळकांच्या शिक्षेचा दाखला देऊनच तो आकडा ठरवला.

पुढचा इतिहास थोडक्यात सांगतो. १९४२ साली फेडरल कोर्टाचे मुख्य न्यायाधीश सर मॉरिस ग्वायर यांनी सांगितले की, सार्वजनिक शांततेचा भंग हा या गुन्ह्याचा गाभा होय. नुसते कठोर शब्द हा गुन्हा नव्हे. १९४७ साली, इंग्रज जायला सहा महिने उरले असता, प्रिव्ही कौन्सिलने सदाशिव नारायण भालेराव यांच्या खटल्यात हे मत चूक ठरवले आणि स्ट्रेचींना पुन्हा गादीवर बसवले. मूलस्वातंत्र्यावरच्या मर्यादांतून 'राजद्रोह' हा शब्द घटना परिषदेने काढून टाकला, पण दंडविधानातले कलम तसेच राहिले. १९६२ साली केदारनाथ सिंग यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कलम वैध ठरवून त्याला ग्वायरसाहेबांची मर्यादा घातली : हिंसेला चिथावणी किंवा सार्वजनिक अव्यवस्था माजवण्याचा हेतू वा कल असेल तरच गुन्हा. ११ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे कलम स्थगित ठेवण्याचा आदेश दिला, आणि १ जुलै २०२४ पासून जुन्या दंडविधानाची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली.

नव्या संहितेत १५२ क्रमांकाचे कलम आहे. ते फुटीर वृत्तीला, सशस्त्र बंडाला, विध्वंसक कारवायांना चिथावणी देण्याविषयी आणि देशाचे सार्वभौमत्व, एकता व अखंडता धोक्यात आणण्याविषयी बोलते. ते कितपत नेमके आहे आणि कसे वापरले जाईल, याविषयी कायदेपंडितांत मतभेद आहेत, आणि त्या वादात शिरण्याचा माझा अधिकार नाही. मी शब्दांचा माणूस. मी शब्दच शोधले. 'डिसअफेक्शन' हा शब्द त्या कलमात नाही. दीडशे वर्षांनी तो तेथून उठला. 'डिसॲप्रोबेशन' मात्र खाली स्पष्टीकरणात अजून बसलेला आहे. सरकारच्या उपायांविषयी वा कारभाराविषयी, कायदेशीर मार्गाने बदल घडावा म्हणून, नापसंती व्यक्त करणे हा गुन्हा नव्हे, असे सांगायला.

जोडीतला एक गेला आणि दुसरा मागे राहिला, याचा अर्थ काय घ्यावा? माझ्यापुरता मी असा घेतो. सरकारवर प्रेम करा अशी आज्ञा कायद्याच्या अक्षरांतून गेली, हे चांगले झाले. देशावरचे प्रेम निराळे. ते माणूस आईच्या दुधाबरोबर घेतो, त्याला कलमाची गरज नाही. पण ज्या आज्ञा कायद्यातून जातात त्या पुष्कळदा माणसांच्या मनात जाऊन बसतात. आजही कुणी धरणावर, रस्त्यावर, शाळेच्या गळक्या छपरावर चार शब्द लिहिले, तर ऐकणारा पहिल्यांदा छप्पर गळते का हे पाहत नाही. लिहिणाऱ्याच्या पोटात माया आहे की नाही ते पाहतो. ही स्ट्रेचीसाहेबांची नजर आहे. ती आपल्या डोळ्यांतून काढणे हे कुठल्या न्यायालयाचे काम नव्हे, ते आपले आहे. छप्पर गळते असे जो सांगतो, त्याला आधी शिडी आणून द्यावी. त्याच्या पोटातल्या मायेची चौकशी छप्पर शाकारून झाल्यावर करता येईल, आणि तेव्हा ती करण्याचे कारण बहुधा उरलेले नसेल.